करवलीचा मान

१७ नोव्हेंबर २०२४, रविवार. सहा हजार आठशे पन्नास रुपये. नवी मुंबईतल्या सारसोळे गावाने वर्गणी काढून रुतिका तांडेलसाठी हॉकीची नवी स्टिक आणली, तिची ही किंमत. संघाचा प्रशिक्षक भावेश याने ती मुंबईला धोबीतलावच्या दुकानातून आणली आणि मैदानावर सगळ्यांसमोर उघडली. वरचं प्लास्टिक निघालं तसा पोरांनी एकच गलका केला. सोळा वर्षांच्या रुतिकाने स्टिक हातात घेतली, मनगटातून दोनदा फिरवली आणि सगळ्यात आधी आपल्या सख्ख्या काकाच्या, बाळारामच्या, पाया पडायला आली.

"चांगली खेळ," बाळाराम म्हणाला. त्याने तिच्या डोक्यावर हातही ठेवला. पण हात ठेवताना त्याला आपला सूरज आठवला.

सूरज म्हणजे बाळारामचा एकुलता एक मुलगा. दहा वर्षांपूर्वी तो याच मैदानावर याच संघातून उजव्या बगलेला खेळायचा. त्याची स्टिक मधोमध तडकली होती, तिच्यावर बाळारामने जाळ्याचा दोरा गुंडाळून दिला होता. त्या स्टिकने पोरगा दोन मोसम खेळला आणि मग बारावीच्या वर्षी त्याने खेळ सोडला. तेव्हा वर्गणी काढायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. गावात क्रिकेटच्या टीम पायलीच्या पन्नास, हॉकीची एकच. ती टीम बाळारामने आणि त्याचा मित्र हरेश याने कॉलेजातून बाहेर पडल्या पडल्या उभी केली होती. म्हणजे बाळारामच्या टीमने बाळारामच्या पोराला काही दिलं नाही, आणि आता त्याच्या धाकट्या भावाच्या पोरीला मात्र डोक्यावर घेऊन नाचत होती. वर्गणीत त्याचे स्वतःचेही पाचशे रुपये होते. नसते, तर लोकांनी नावं ठेवली असती.

बाळारामला अठ्ठावन्नावं लागलं होतं. न्हावा शेव्याजवळच्या एका कंटेनर यार्डात तो बिलिंगला होता. कोणता कंटेनर किती दिवस पडून राहिला, त्याचं भाडं किती, सूट किती, हे बघण्यात त्याचं आयुष्य गेलं. चूक सहसा व्हायची नाही. धाकटा भाऊ गंगाराम मात्र वडिलांच्या मागे होडी घेऊन खाडीत जात राहिला. दोघांची घरं एकाला एक लागून, मधली भिंत एकच. पलीकडे गंगारामच्या घरात रुतिका भिंतीवर चेंडू मारायची, तो आवाज इकडे बाळारामच्या उशाशी यायचा.

रविवारी सकाळी मैदान, आणि दुपारी जेवून झालं की गावाच्या ग्रुपवर 'हॉकीची बातमी', हा बाळारामचा कित्येक वर्षांचा नेम. संघातल्या उगवत्या पोरापोरींची प्रगती तो त्यात लिहायचा. लिहिणं नेटकं, हिशेबी. तेजसने बचावात कसा संयम दाखवला, मितेश गोलपोस्टमधून पुढे यायला कसा शिकला, मनस्वीचे पास आता कसे वेळेवर सुटतात, असं एकेकाबद्दल चार चार ओळी. बाहेरगावी नोकरीला गेलेले लोकसुद्धा बातमीची वाट बघायचे. तिच्यात शेवटी एक ओळ असायची: 'रुतिका : तीन गोल.'

एका रविवारी मैदानाच्या कडेला चहा पिताना हरेशने विषय काढलाच.

"बाळ्या, तुझी बातमी वाचली की वाटतं तेजस वर्ल्ड कप खेळनार आनि रुतिका पानी द्यायला हाय."

"गोल लिवले की तिचे."

"लिवले! आकडा टाकलास. ती तिघांना चकवून, स्टिक उलटी करून रिव्हर्सनं मारते, ते कोन लिवनार?"

"घरच्या पोरीचं कौतुक आपनच कसं करायचं?" बाळाराम म्हणाला. "लोक म्हनतील, पुतनी म्हनून लिवतो."

हरेश हसला. "सूरज खेळायचा तवा तर पानभर लिवायचास."

बाळाराम चहा तसाच ठेवून उठला.

खरं तर रुतिकाचा खेळ त्याच्याइतका बारकाईने कुणीच बघत नव्हतं. चेंडू अडवताना ती डावा खांदा किती झुकवते, डीमध्ये, म्हणजे गोलपुढच्या अर्धवर्तुळात, शिरण्याआधी एक क्षण कशी थबकते, दमल्यावर डावीकडे कशी जागा सोडते, सगळं त्याला पाठ होतं. लोक म्हणायचे, मनगट तांडेलांचं आहे. ते ऐकलं की त्याला वाटायचं, कुठल्या तांडेलांचं? गंगारामने आयुष्यात स्टिक धरलेली नाही. हे मनगट माझं आहे, ते सूरजकडे यायचं, भिंत चुकून पलीकडच्या घरात गेलं. मैदानावर मग तो तिच्यावर ओरडायचा: "डावीकडे जागा सोडतेस, रुते! डावीकडे!" शाबासकी देणारे दुसरे पुष्कळ होते.

जानेवारीत सूरजचं लग्न ठरलं. मुलगी दिवाळे गावची, योगिनी नावाची, बँकेत नोकरीला. रविवारी, सोळा फेब्रुवारीला, संध्याकाळचा मुहूर्त. आदल्या दिवशी, शनिवारी, हळद.

त्यानंतर काही दिवसांनी भावेश बाळारामला भेटायला घरी आला. भावेश तुर्भ्याच्या एका कारखान्यात पाळीने काम करायचा. रात्रपाळी सुटली की घरी न जाता थेट मैदानावर यायचा, असा माणूस. त्याचा चेहरा फुलला होता.

"काका, पुन्याच्या अकादमीची निवड चाचनी हाय. मुंबईला, टर्फवर. आपली दोन नावं गेली. तेजस आनि रुतिका. राहनं, खानं, शिक्षन, सगळं अकादमीचं. तेजसचं सांगता येत नाय. पन रुतिकाला एकदा बघितलं की ते सोडनार नायत."

"कधी हाय?"

"सोळा फेब्रुवारी, सकाळी." मग भावेशने जीभ चावली. "अरे, तुमच्या सूरजचं लग्न ना त्या दिवशी! पन मुहूर्त संध्याकाळचा हाय. दुपारपर्यंत परत येतो आमी. कागद आला की ग्रुपवर टाकतो, तवर कुनाला बोलू नका."

"नाय बोलत," बाळाराम म्हणाला. आणि खरंच तो कुणाला काही बोलला नाही.

त्याच संध्याकाळी घरात मानपानाची बैठक बसली. कोणाला कोणती साडी, कोण कुठे उभं राहणार, हे ठरवायला बाळारामची म्हातारी आई येसूबाई मधोमध पाटावर बसली होती. सूरजला बहीण नाही. तेव्हा नवरदेवाची करवली म्हणून बाळारामची बायको पुतळा हिच्या भावाच्या मुलीचं नाव जवळजवळ ठरलं होतं. येसूबाई नारळ हातात घेणार, तेवढ्यात बाळाराम म्हणाला, "करवली रुतिका."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"घरात पोर असताना बाहेरची कशाला? सूरजला ती सख्ख्या बहिनीसारखी हाय. मान तिचा."

गंगारामचे डोळे भरून आले. धाकट्याच्या घराला थोरल्याने असा मान सगळ्यांसमोर द्यावा, हे त्याला अपेक्षित नव्हतं. "दादा," एवढंच तो म्हणाला. येसूबाईने नारळ रुतिकाच्या ओटीत घातला आणि रीत सांगितली, जी सगळ्यांना माहीत होती. नवरदेवाच्या मागोमाग करवलीला हळद लागते. एकदा हळद लागली की लग्न पार पडेपर्यंत तिने नवरदेवाशिवाय गावाची वेस ओलांडायची नाही. रुतिका हसत होती. तिला तेव्हा काही ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भावेशने ग्रुपवर चाचणीचा कागद टाकला.

पलीकडच्या घरातला चेंडूचा आवाज त्या दिवशी थांबला. दोन दिवसांनी तो पुन्हा सुरू झाला, पण आता पूर्वीपेक्षा जोरात. बाळाराम उशीवर डोकं ठेवून ऐकत राहायचा. आपण काही वाईट केलेलं नाही, असं तो स्वतःला सांगायचा. मान दिला. मानाला कोण वाईट म्हणेल?

गंगाराम आला, उंबऱ्यातच उभा राहिला. "दादा, पोरीचं कसं करायचं?"

"तुजं तू बघ. मी दिलेला मान काढून घेऊ का? तू नको म्हन, मी दुसरी बघतो."

थोरल्या भावाने भरल्या घरात दिलेला मान गंगाराम नको म्हणणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. गंगाराम गेला. मग भावेश आला. तो उंबऱ्यात थांबला नाही.

"काका, तुमाला तारीख म्हाईत होती."

"लग्नाच्या घरात तारखा कोन लक्षात ठेवतो?"

"तुमी ठेवता," भावेश म्हणाला. "कंटेनर कधी उतरला ते तुमाला दोन वर्षांनी विचारलं तरी सांगता." आणि तो चप्पल घालून निघून गेला.

पुतळा आतून सगळं ऐकत होती. ती ताट वाढताना म्हणाली, "अवो, तुमी तिला मान दिला का दावं बांधलं?"

बाळारामने भातात कालवण ओतलं.

शनिवारी हळदीच्या मांडवाने गल्ली भरून गेली. बायका मांडवाच्या खांबाशी बसून धवला, लग्नाची जुनी गाणी, गात होत्या, त्यांच्या आवाजाशी डीजेवाल्याची चाचपणी भांडत होती. सूरज पाटावर बसला. येसूबाईने त्याच्या कपाळाला, हातांना, पायांना हळद लावली, मग बायकांनी त्याला नखशिखांत पिवळा करून टाकला. रुतिका हिरवी साडी नेसून हातात करा, मानाचा पाण्याचा कलश, घेऊन त्याच्या मागे उभी होती. तिच्याकडे बघून कुणीही म्हटलं असतं की ही करवली नाही, शाळेत शिक्षा म्हणून उभी केलेली पोरगी आहे.

येसूबाईने वाटीतली हळद दोन बोटांवर घेतली आणि करवलीकडे वळली. तेवढ्यात गर्दीतून तेजस पुढे आला. साधा पोरगा. त्याला वेळकाळ कळत नसे.

"रुते, उद्या तुझी नवी स्टिक मी नेऊ का चाचनीला? तशी पन ती पडूनच राहनार ना. माझीला तडा गेलाय."

रुतिका कऱ्यातल्या पाण्याकडे बघायला लागली. सूरजने मान वळवली.

"कसली चाचनी?"

लग्नाच्या धावपळीत सूरजने ग्रुप बघणं कधीच सोडून दिलं होतं. तेजसने त्याला सगळं सांगून टाकलं. पुणे, अकादमी, उद्या सकाळ. सूरजने आजीचा हात धरला.

"आजी, थांब. हिला हळद लावू नको." मग तो बापाकडे वळला. "पप्पा, तुमाला हे म्हाईत होतं?"

धवला थांबला. डीजेवाल्यालाही कुणीतरी हाताने खूण केली. बाळारामला वाटलं होतं की काहीतरी सांगता येईल. बिलं तपासणाऱ्या माणसाला कारणं सुचतात. पण तोंडातून दुसरंच निघालं.

"व्हय, होतं म्हाईत! हिच्यासाठी अख्खं गाव धावतं. तुझ्यासाठी कोन धावलं होतं? फुटक्या स्टिकला दोरा बांधून खेळलास तू! तवा कुठं होती वर्गनी? कुठं होता ह्यो भावेश? कुठं होते हे सगळे?"

गंगाराम खाली बघत होता. आपल्याला इतके दिवस ज्या मानाचा आनंद आणि काच एकदम वाटत होता, तो कशाचा होता हे त्याला आता कळलं होतं.

"पप्पा," सूरज म्हणाला. हळदीने माखलेल्या चेहऱ्यावर राग दिसत नव्हता, कंटाळा दिसत होता. "मी बरा खेळायचो. ही चांगली खेळते. गावात सगळ्यांना म्हाईत हाय हे. फकस्त तुमाला नाय."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

हरेश पुढे सरकला. "मग दुसरी करवली करा. पुतळा वैनीची भाची हाय की."

"नारळ ओटीत गेला," येसूबाई म्हणाली. "आता करवली बदलत नाय. हळद लागनार ती हिलाच." तिने बोटांवरची हळद तशीच धरून ठेवली होती. "राहिली वेस. मला सांगा, वेस हाय कुठं? पाम बीच रोड झाला तवा आपली वेस त्याच्याखाली गेली. मी मासळी घेऊन जाताना तिथं दगडाला हात लावायची. तो दगड मला नंतर गवसला नाय. बाळ्या, तू शिकलेला, तू थोरला. तूच सांग. आता आपली वेस कुठवर धरायची?"

सगळा मांडव बाळारामकडे बघायला लागला. म्हातारीने चेंडू त्याच्या पायात आणून टाकला होता. तो म्हणू शकला असता, रस्त्यापर्यंत. तो म्हणू शकला असता, वाशीच्या पुलापर्यंत. कुणी त्याला खोडून काढलं नसतं, कारण तो शब्द थोरल्याचा होता. रुतिका त्याच्याकडे बघतही नव्हती. ती तेजसकडे बघत होती, जणू स्टिक द्यायची की नाही हेच तेवढं ठरवायचं उरलं होतं. त्या नजरेने बाळारामला चीड आली. पोरगी आपल्याकडून काही मागतसुद्धा नाही. मागितलं असतं तर नाही म्हणता आलं असतं.

"आये, तू पूल ओलांडून मुंबईच्या बाजारात मासळी विकायचीस," तो शेवटी म्हणाला. वादातलं बिल पास करताना तो यार्डात जसा बोलायचा तसा, कोरड्या आवाजात. "लगनातून, हळदीतून उठून जायचीस. तवा वेस आडवी आली नाय. म्हनजे मुंबई वेशीच्या आत धरायला हरकत नाय."

"धरली," येसूबाई म्हणाली आणि दोन्ही हातांनी रुतिकाच्या गालांना हळद फासली.

डीजे वाजायला लागला. सूरजने पाटावरून उठून बहिणीला एक टपली मारली. बाळाराम मांडवाच्या मागे खुर्च्या मोजायला गेला. खुर्च्या भाड्याच्या होत्या आणि कुणीतरी मोजायला हव्याच होत्या.

रविवारी सकाळपासून घरात वऱ्हाडाची गडबड होती. बाळाराम नवा सदरा घालून तयार होता, पण हात पुन्हा पुन्हा खिशातल्या फोनकडे जायचा. दुपारी भावेशचा संदेश आला. बाळारामने तो उघडला आणि आधी तेजसचं नाव शोधलं. मनाशी त्याने तेजसची बातमी तयारही केली होती, चांगल्या पाच ओळींची. तेजसचं नाव नव्हतं. रुतिकाचं होतं. सत्तर पोरींतून सहा घेतल्या, त्यात तिचं नाव दुसरं होतं.

तो ओट्यावर बसला. रविवार होता, बातमी त्यालाच द्यायची होती. ग्रुपवर लोक विचारत होते, तांडेल, काय झालं? त्याने अंगठ्याने लिहायला सुरुवात केली. ती कशी थबकते, कशी खांदा टाकून रिव्हर्सला जाते, दोन वर्षांत डीमधला तिचा फटका कसा बदलला, सगळं भराभर येत गेलं. तेजस, मितेश, मनस्वी, कुणाबद्दलही त्याने कधी इतकं लिहिलं नव्हतं. सुरुवातीपासून एकदा वाचलं. हे सूरजबद्दल लिहायचं होतं, असं त्याला वाटलं. त्याने सगळं पुसलं आणि नेहमीसारखी ओळ टाकली: 'रुतिका : निवड.' खाली लोकांच्या टाळ्यांची आणि फुलांची रांग लागली.

वऱ्हाड निघायच्या बेतात होतं तेव्हा भावेशची मोटरसायकल गल्लीत शिरली. रुतिका उतरली. तिच्या तळव्यांची हळद स्टिकच्या मुठीला लागली होती.

"तिथले सर विचारत होते, लग्न कुनाचं, तुझं का?" ती सूरजला हसत हसत सांगत होती. "मी म्हटलं, नाय, मी ड्युटीवर हाय." मग ती बाळारामसमोर येऊन उभी राहिली. "मोठे पप्पा, तुमी ओरडता ना, डावीकडं जागा सोडते म्हनून. आज एकदा पन नाय सोडली."

"बघायला मी होतो कुठं?" बाळाराम म्हणाला.

"म्हनून तर सांगते," ती म्हणाली आणि साडी नेसायला आत पळाली.

दिवाळ्याला लग्न मुहूर्तावर लागलं. करा हातात धरून रुतिका शेवटपर्यंत सूरजच्या मागे उभी होती. पाहुण्यांमध्ये अकादमीची गोष्ट पसरली होती. नवरानवरीला आहेर देऊन झाला की लोक तिच्याकडे वळत होते. बाळाराम व्यासपीठावर उभा राहून ते बघत होता. आज तरी लोकांनी सूरजकडे बघावं, एवढीच त्याची अपेक्षा होती.

वरात घरी परतली. सूरज आणि योगिनी उंबऱ्याशी आले तशी रुतिका दारात आडवी उभी राहिली. करवलीने दार अडवायचं आणि पैसे घेतल्याशिवाय वहिनीला आत सोडायचं नाही, ही रीतच आहे.

"पाच हजार," रुतिका म्हणाली.

"पाच हजारांत अकादमी इकत घेशील," हरेश मागून ओरडला.

सूरज खिशात हात घालायला लागला, तर तिने मान हलवली. "दादाकडून नको. मोठ्या पप्पांकडून."

बाया हसायला लागल्या. बाळाराम पुढे आला. त्याने पाचशेपासून सुरुवात केली. ती दोन हजारांवर अडली. तो आठशेवर आला. पुतळाने कपाळाला हात लावला. सून दारात ताटकळत होती, तरी तो पन्नास पन्नासने चढत होता, आणि पोरगी डीमध्ये थबकावी तशी हसत थांबत होती. शेवटी अकराशेवर ठरलं. बाळारामने पाकीट उघडलं. त्यात आठशे पन्नास निघाले.

"बाकीचे उद्या," तो म्हणाला.

रुतिका दारातून बाजूला झाली. योगिनीने माप ओलांडलं.

मार्चमध्ये रुतिका पुण्याला गेली. बाळाराम रविवारी मैदानावर जातो आणि बातमी लिहितो. करवलीचे अडीचशे रुपये त्याने अजून दिलेले नाहीत.